विहिणीच्या अळ्या आणि माझी बुरशी

नागपूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या तासगावकडची माणसं एकच विचारतात, "संत्री आणली का?" आणली की. करंडीभर आणली. त्यातल्या तळाच्या एकाला वाटेत हिरवट बुरशी धरली, तिनं शेजारच्या दोघांना धरलं, ती फेकून दिली आणि उरलेली गल्लीत वाटली. पण मी जाताना काय नेलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

मी द्राक्षबागेतली बाई. लग्न होऊन आले तेव्हापासून बुरशीशी माझं भांडण. पाऊस लांबला की करपा, थंडी पडली की भुरी. पानावर पांढरा डाग दिसला की आमच्या घरात जेवण गोड लागत नाही. पण गेल्या काही वर्षांत याच भावकीतल्या एका बुरशीशी माझी सोयरीक जुळली. बिव्हेरिया तिचं नाव. आमच्या बायकांच्या गटात आम्ही ती पिशव्यांत शिजवलेल्या तांदळावर वाढवतो. ही पानाला धरत नाही, किड्याला धरते. त्याच्या कातडीतून आत शिरते, आतून पोखरते, आणि किडा मेला की वरून पांढऱ्या पिठात घोळल्यासारखा दिसतो. विषारी औषधं कमी करायची असतील तर बागायतदार आमच्या दारात येतात. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवायचा कशाला?

माझी लेक अश्विनी नागपूरकडं, पारशिवनीजवळच्या एका खेड्यात दिली आहे. "एवढ्या लांब दिलीस होय गं!" असं आजही कुणी ना कुणी ऐकवतं. तिच्या सासूबाई निर्मलाबाई रेशीम करतात, घरच्या रानात तुती लावली आहे, हे मला फोनवरून ठाऊक होतं. निघताना अश्विनी म्हणाली, "आई, काही आणू नकोस गं. नुसती ये."

नुसती कशी जाणार? विहिणीच्या दारात रिकाम्या हातानं जायची आमच्यात रीत नाही. चटणी झाली, बेदाणे झाले, पण ते कुणीही नेईल. मी माझ्या हातची बुरशी घेतली. चांगली दोन पाकिटं, गाठ मारून, खांद्यावरच्या पिशवीत नव्या इरकली लुगड्याखाली.

नागपूर

जावईबापू प्रफुल स्टेशनवर आले होते. घरी जायच्या आधी पोहे खाऊ म्हणाले. पोहे म्हणजे आमच्याकडं सकाळचा साधा मामला. इथं पोह्यावर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात.

"तर्री जास्त टाकू का काकू? झेपन ना?" पोहेवाल्यानं विचारलं.

"टाक बाबा," मी म्हटलं. "कोल्हापूरच्या शेजारची आहे मी."

दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला नाकातून. प्रफुल खाली मान घालून हसत होते. पोहेवाल्यानं न विचारता आणखी थोडे कोरडे पोहे ताटलीत टाकले आणि म्हणाला, "होते जी, पहिल्या टायमाले सगळ्याईलेच होते." आमच्या तिखटाचा तोरा स्टेशनबाहेरच उतरला. पण ताटली मी पुसून खाल्ली, हेही सांगते.

कामठीत यंत्रमागांची खडखड रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. कन्हान ओलांडली आणि रान मोकळं झालं. आमच्याकडं जिकडं बघावं तिकडं तारा आणि मांडव. इथं नजर अडत नाही. धान कापून झालेलं, तुरी फुलावर आलेल्या, आणि मधेमधे कपाशीची शेतं फुटून पांढरी झालेली. "आम्ही याले पऱ्हाटी म्हणतो," प्रफुल म्हणाले. शब्द मला आवडला. त्याच शब्दाची पुढं मला धास्ती बसणार होती.

फाटकापाशी

आमच्याकडं विहीण दारात आली की भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात. इथं मी फाटकातून पाऊल टाकते तोच आतून हाक आली, "थांबा जी! तिथंच थांबा!"

निर्मलाबाई. उंच, काटक, लुगड्यावर नवऱ्याचा स्वेटर, डोक्याला फडकं. त्यांनी पायानंच एक पत्र्याचं घमेलं पुढं सरकवलं. त्यात पांढरी भुकटी होती. "याच्यात पाय ठेवा अन् मंग या. चुना हाये."

"व्वा!" मी म्हटलं. "आमच्यात विहिणीचे पाय धुतात, तुम्ही आल्या आल्या चुना लावता होय!"

त्या खळखळून हसल्या. "आमी तं सायेबालेही लावतो जी. माह्या अळ्याइले बाहेरचा रोग नाई पायजे."

मला बाई आवडल्या. आपल्या कामाचा रुबाब असलेली बाई मला नेहमीच आवडते.

अंगणाच्या एका अंगाला अळ्यांची शेड. जाळी लावलेली, दाराला पडदा. आतून सतत बारीक कुरकुर आवाज येत होता, पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा. अश्विनी म्हणाली, अळ्या पाला खातात त्याचा आवाज. शेवटची कात टाकून झाली होती, आता त्या अधाशासारख्या खात होत्या. थोड्या दिवसांत कोष बांधायला लागणार.

ओट्यावर व्याही बसले होते. रामराम झाला आणि त्यांनी लगेच मनातलं बोलून टाकलं. "मांगच्या साली समद्या अळ्या गेल्या जी. खडू झाला त्याइचा. गावातले लोक पाह्याले येत. यंदाची बॅच गेली तं मी तुती उपटून पऱ्हाटी लावतो. सांगून ठेवलं हाये हिले."

शेडकडं बघताना निर्मलाबाईंचा जबडा आवळला, तो मी पाहिला. गावात कुणी करत नसताना या बाईनं घरच्यांशी भांडून तुती लावली होती. एकदा हरली होती. पुन्हा हरली तर झाडच राहणार नव्हतं.

तेवढ्यात रानातून पाल्याचे भारे आले. अश्विनीची धांदल उडाली. मला हातावर हात ठेवून बसवत नाही. खांद्यावर पिशवी होती तशीच मी उठले, भाऱ्यावर पिशवी टेकवून त्याला बांधलेलं फडकं सोडलं, कवळाभर पाला उचलला आणि शेडच्या दारात लेकीच्या हातात दिला. तिनं तो आत नेऊन अळ्यांना घातला.

मग चहा झाला. आणि चहानंतर मी ऐटीत पिशवी उघडली.

"विहीणबाई, माझ्या हातची वस्तू आणली आहे. मित्र बुरशी. ही फवारली की कसलाही किडा वाचत नाही. चार-सहा दिवसांत कडक होतो, पांढरा पडतो, अगदी खडूसारखा..."

"खडूसारखा?" निर्मलाबाई म्हणाल्या.

त्या एका शब्दानं मी काय बोलत होते ते माझं मलाच ऐकू आलं. रेशीम किड्यापासून होतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण किडा म्हणजे शत्रू, असं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की विहिणीचा किडा हाही किडाच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गेल्या साली ज्या रोगानं त्यांची शेड रिकामी केली, तोच रोग मी तासगावहून कौतुकानं भेट म्हणून आणला होता.

पाकीट हातात घेऊन पाहिलं तर गाठ सुटलेली. इरकलीच्या घडीवर, पिशवीच्या तळाशी, शिवणीतून बाहेर सगळीकडं पांढरी भुकटी.

"आई, तो पाला!" अश्विनी ओरडली.

शेडच्या बाहेर

आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी विहिणीला उभी चिरली असती. निर्मलाबाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. मला तेच जड गेलं. त्यांनी व्याह्यांना परसात खड्डा खणायला लावला. पाकिटं, पिशवी, भाऱ्यातला उरलेला पाला, सगळं जाळून पुरलं. आत घातलेला पाला तर अळ्यांनी केव्हाच खाल्ला होता. मला न्हाणीघरात धाडलं. माझं अंगावरचं पातळ आणि नवं इरकली, दोन्ही ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवलं. इरकलीचा काळा रंग माझ्या देखत तपकिरी झाला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? लुगड्याचा आला, स्वतःचा आला, आणि "काही आणू नकोस" एवढंच सांगून कारण न सांगणाऱ्या लेकीचा तर फारच आला.

"कारण सांगायला काय झालं होतं तुला?" मी न्हाणीतूनच ओरडले.

"तू गटात औषध करतेस एवढंच मला माहीत! ते बुरशीचं असतं हे तू कधी सांगितलंस?"

हेही खरंच होतं.

दाराच्या फटीतून निर्मलाबाईंचा हात आत आला. हातात त्यांचं धुतलेलं पातळ आणि स्वेटर. "घाला हे. थंडी बम हाये. अन् रडू नका जी. तुमी काई जानून नाई केलं."

"रडत नाही मी," मी रडत म्हटलं.

मी चार दिवसांसाठी गेले होते. पण त्या कवळाभर पाल्याचं काय होतं हे कळल्याशिवाय मी हलणार नव्हते, आणि कुणी मला जा असंही म्हटलं नाही. जेवायला वडाभात झाला. भातावर डाळीचे वडे कुस्करायचे आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. एरवी मी त्यावर ताव मारला असता, त्या दिवशी घास फिरत होता. ताटावर शेवटी व्याहीच म्हणाले, "खा जी बाई. उपाशी राहून अळ्या वाचत असत्या तं मी मांगच्या साली जेवलोच नसतो."

दुसऱ्या दिवशी अश्विनीनं मला रामटेकला नेलं, मन रमेल म्हणून. गड चढताना माकडानं माझ्या हातातला नारळ हिसकला आणि माझ्याकडं बघत बघत दगडावर आपटला. लोक हसले, मीही हसले. वर रामापुढं उभी राहिले आणि काय मागावं? आजवर मी देवाला, "बुरशी चांगली वाढू दे, पिशव्या नासू देऊ नकोस" असंच म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, "रामराया, माझी बुरशी मरू दे."

आणि उतरताना पायऱ्यांवर मला अक्कल आली. बुरशी मरावी म्हणून रामाला कशाला साकडं घालायचं? ती कशानं मरते हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आमच्या गटाच्या खोलीत तिला जगवायला मी काय काय करते! हवा दमट ठेवते, दारं लावते, तांदूळ ओलसर ठेवते. एक दिवस जरी हवा कोरडी झाली तरी ती रुसून बसते. मग इथं तिचे सगळे लाड बंद केले तर?

शेडच्या आत

घरी येऊन मी निर्मलाबाईंसमोर उभी राहिले. "विहीणबाई, मला आत घ्या."

व्याही म्हणाले, "आता काहून? काय राह्यलं आता?"

"चोराच्या वाटा चोराला ठाऊक," मी म्हटलं. "माझी बुरशी आहे ती. मी ओळखते तिला."

निर्मलाबाईंनी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "आंघोळ करा. माहंच लुगडं नेसा. अन् बांगड्या काढा."

आत गेले आणि थक्क झाले. मजल्यामजल्यांचे लांबच लांब मांडव, त्यावर हिरवा पाला आणि पाल्यात हजारो पांढऱ्या, गुबगुबीत, थंडगार अळ्या. एवढ्या किड्यांमध्ये उभं राहून त्यांच्या आयुष्याची काळजी करायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. निर्मलाबाई त्यांच्यावरून अलगद हात फिरवत होत्या. अश्विनीनं माझ्या हातचा पाला ज्या मांडवावर घातला होता, तो त्यांनी बाकीच्यांपासून वेगळा केला.

मग मी हुकूम सोडायला लागले, माझा स्वभावच तो. पाल्यावरची ओली पोती काढा. जमिनीवर पाणी मारू नका. दुपारी ऊन असेल तोवर खिडक्या उघड्या. खालचा जुना पाला रोज उचला, अळ्यांची दाटी मोडा, खाऊन झालं की वरून चुना भुरभुरा. कोपऱ्यात शेगडी ठेवा, ऊब राहील आणि दमटपणा जाईल. निर्मलाबाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "हे समदं मी करतोच जी, फक्त पोतं नव्हतो काढत. पाला सुकते ना." मग आम्ही पाला थोडा थोडा आणि जास्त वेळा घालायचं ठरवलं. त्यांच्या अळ्या त्यांना कळत होत्या, माझी बुरशी मला.

खरं काम पुढंच होतं. किडा पांढरा पडल्यावर ओळखण्यात काही शहाणपण नाही. तोवर त्यावर बुरशीचं नवं बी तयार झालेलं असतं आणि हात लागला की उडतं. त्याच्या आधी ओळखायचं. खाणं सोडलेली, सुस्त पडलेली, अंगावर बारीक तेलकट डाग आलेली अळी हेरायची. आमच्या गटात बुरशी नीट लागली का हे बघायला मी असेच किडे निरखते आणि डाग दिसला की खूश होते. इथं पहिला डाग दिसला आणि मी बोट दाखवलं.

"ही," मी म्हटलं.

"ही तं चांगली दिसून राहिली," निर्मलाबाई म्हणाल्या.

"उद्या नाही दिसणार."

त्यांनी क्षणभर त्या अळीकडं पाहिलं, चिमट्यानं उचलली आणि चुन्याच्या डब्यात टाकली. पुढं रोज सकाळ-दुपार आम्ही दोघी विहिणी डोक्याला डोकं लावून त्या मांडवावर वाकलेल्या. मी बोट दाखवायची, त्या उचलायच्या. डबा परसात जाळायचा. मधल्या एका दिवशी इतक्या निघाल्या की व्याही दाराशी येऊन नुसतेच उभे राहिले आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी कमी निघाल्या. मग आणखी कमी. मग एक दिवस मी मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, उलट आले, पुन्हा गेले, आणि बोट दाखवायला काही सापडलं नाही.

"डोळे दुखून राहिले का?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"नाही हो. नाहीच आहेत."

त्या मटकन खाली बसल्या, चुन्यातच. "मायवं!" एवढंच म्हणाल्या.

अळ्या पिवळसर, पारदर्शक झाल्या तेव्हा त्यांना कोष बांधायला जाळ्यांवर सोडलं. त्या जाळीला इथं चंद्रिका म्हणतात. मान डोलवत डोलवत त्यांनी स्वतःभोवती धागा गुंडाळला. ते बघताना मी, आयुष्यभर किडे मारणारी बाई, जेवायला उठत नव्हते.

तरी निर्मलाबाईंची धाकधूक संपली नव्हती. कोष बांधून झाल्यावरही आत अळी मेलेली असू शकते. मेली की सुकते, आणि कोष कानाशी हलवला की वाळलेल्या शेंगेसारखा खुळखुळतो. कोष उतरवायच्या दिवशी त्यांनी आजारी मांडवावरचा एक कोष उचलला, कानाशी हलवला. मग माझ्या कानाशी. आत काहीतरी भरीव, जड हललं. खुळखुळलं नाही. दुसरा, तिसरा, मूठभर. मधेच एखादा खुळखुळे, तो बाजूला. बाकी सगळे भरलेले.

त्या कोष घेऊन ओट्यावर गेल्या आणि व्याह्यांच्या कानाशी धरला. "ऐका! आता लावा पऱ्हाटी!"

व्याह्यांनी कोष हलवला. पुन्हा हलवला. "धुऱ्यावर जागा हाये थोडी," रानाच्या बांधाकडं हात करत ते म्हणाले. "तिथंही तुतीच लावू म्हनतो."

त्या दिवशी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजले, सोबत वांग्याची भाजी. गेल्या साली खडू बघायला आलेल्या शेजारणी या खेपेला कोष बघायला आल्या. एकीनं माझ्याकडं बोट करून विचारलं, "ह्या कोन वं निर्मला?"

निर्मलाबाईंनी पदर सावरला. "माही विहीन हाये. बुरशीवाली हाये ते, तासगावची. तिच्यासारखी नजर जिल्ह्यात नाई कोनाची." मी दिवाळीत मानाचं लुगडं मिळाल्यासारखी ताठ बसले. त्यांनी पाकिटांचा विषय काढला नाही. मीच काढला. सगळी हकिगत सांगितली, आणि माझ्या विहिणीनं रोग कसा परतवला ते तर तिखटमीठ लावून सांगितलं. तेवढा हक्क आहे मला.

तासगाव

निघताना निर्मलाबाईंनी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, आणि खणाच्या जागी मूठभर कोष, त्याच आजारी मांडवावरचे. "तुमच्या बुरशीच्या खोलीत नका ठेवू बरं जी," म्हणाल्या. रंग गेलेलं इरकली त्यांनी घडी घालून स्वतःच्या पेटीत ठेवून घेतलं. मला त्यांचं पातळ दिलं.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते गटाच्या प्रत्येक पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेण्याचं: रेशमाच्या अळ्या असतील तिथं नेऊ नये. कोष मी गटाच्या खोलीपासून लांब, पलीकडच्या गल्लीत जाऊबाईंच्या देवळीत ठेवले. रोज जाऊन बघायची. जाऊबाई म्हणाल्या, "अंडी उबवतेस का काय?"

एके सकाळी गेले तर एका कोषाला भोक पडलेलं आणि शेजारी काहीतरी पांढरं, लव आलेलं, निपचित. पांढरं म्हटल्यावर मला वाटलं, बुरशीच. तिथवर जपलं आणि शेवटी माझ्या गावात? मी बोट पुढं केलं. त्यानं अंग हलवलं, ओले पंख उघडले आणि फडफडवायला लागलं.

मी तिथूनच फोन लावला. "विहीणबाई, पांढरं आहे, पण फडफडतंय!"

"मंग!" पलीकडून आवाज आला. "आपल्या दोघीच्या हातचं हाये ते."